भाचीचा अनुभवाचा दाखला

कारखान्यांच्या मालकांना कायद्याची भीती घालणं हा माझा धंदा आहे. पाटीवर 'कामगार कायदा सल्लागार' असं लिहिलंय, पण काम तेवढंच. मालक समोर येऊन बसतो, मी चष्मा कपाळावर सरकवतो, त्याचं हजेरीपुस्तक उघडतो, दोन-तीन पानं उलटतो आणि फक्त 'हं' म्हणतो. त्या एका 'हं'नं त्याला घाम फुटतो. मग मी सांगतो की ओव्हरटाइमची नोंद नाही, रजेचा तक्ता भिंतीवर नाही, बायकांसाठी तक्रार समिती कागदावरसुद्धा नाही, आणि उद्या तपासणी आली तर काय काय होऊ शकतं. तो म्हणतो, "आप ही देख लो भैया." मी बघतो. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये घराच्या पुढच्या खोलीत बसून गेली सत्तावीस वर्षं मी हे बघतोय. त्यावर घराचा वरचा मजला, मुलाचं इंजिनिअरिंग आणि माझं पोट, तिन्ही उत्तम वाढली.

माझ्या हाताखाली एक मुलगी होती. मुलगी म्हणायची सवय लागली म्हणून म्हणतो. आता ती तेहतीस वर्षांची आहे आणि तिला स्वतःची मुलगी आहे. ती आली तेव्हा बावीसची होती. तिची आई आणि माझी बायको मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एकमेकींना भेटायच्या, तिथेच हे ठरलं. एका रविवारी आई तिला घेऊन आली. बी.कॉम. झाली आहे, टायपिंग येतं, घरी बसून कंटाळून राहिली आहे, असं सगळं सांगून झाल्यावर मी घसा साफ केला आणि नोकरीच्या अटींविषयी दोन शब्द बोलायला लागलो. आईनं मला तिथेच थांबवलं. "अहो कागदबिगद काहून करता भाऊजी? आपण काय परके आहोत का?"

हे वाक्य मला फार आवडलं. इतकं आवडलं की पुढे अकरा वर्षं मी त्याच्यावर काढली.

हे नीट समजायला इथल्या आम्हा मराठी लोकांची एक खोड माहीत असावी लागते. आमचे पूर्वज कुणा सरदाराच्या पदरी लेखणी घासत इथे आले आणि इथलेच झाले. चारी बाजूंनी हिंदी, मधे आमची मोजकी घरं. त्यामुळे आमच्यात जो कुणी मराठी बोलला तो काका, नाहीतर मामा, नाहीतर भाऊजी. आपल्या माणसाकडून काही लिहून घेणं म्हणजे त्याला तोंडावर परका म्हणणं. मंडळाची पातेली न लिहिता लग्नाला जातात, खोल्या तोंडी बोलण्यावर भाड्यानं जातात, आणि कुणी कागद काढलाच तर त्याचं नाव पुढच्या गणपतीपर्यंत लोकांच्या तोंडी असतं. सगळ्या शहराचे नोकरीचे कागद मी करत होतो. माझ्या घरात नोकरी करणाऱ्या माणसाचा कागद करणं मात्र मला असभ्य वाटलं. पहिल्याच दिवशी ती मला 'काका' म्हणाली. काकांच्या हजेरीपुस्तकावर पुतणीनं सही कशी करायची, असं मी मनाशी म्हणालो आणि हजेरीपुस्तक केलंच नाही.

वर्षभरात तिला माझ्याहून जास्त समजायला लागलं. मी कार्बन पेपरच्या जमान्यातला. कायदे बदलले, फॉर्म बदलले, मग फॉर्म संपूर्णच पोर्टलवर गेले, आणि पोर्टल म्हटलं की मला अजूनही कुणीतरी आपली परीक्षा घेतंय असं वाटतं. तीस-बत्तीस कारखान्यांची सगळी विवरणपत्रं तीच भरायची. कुणाचा पासवर्ड काय, कुणाचा ओटीपी मालकाच्या फोनवर येतो आणि कुणाचा त्याच्या मेहुण्याच्या, हे सगळं तिच्या डोक्यात. माझ्याकडे 'हं' उरलं होतं, तेवढं मी चोख म्हणत होतो.

तिला आमच्याकडे दोन-एक वर्षं झाली असतील तेव्हा श्रम विभागाचे एक निरीक्षक अचानक आले. आसपासच्या दुकानांचा आणि ऑफिसांचा गुमास्ता तपासत फिरत होते. गुमास्ता म्हणजे नोंदणीचा कागद. आमच्याकडे सगळे त्याला तेच म्हणतात. माझा फ्रेम करून भिंतीवर होता. त्यांनी तो वाचला, मग कंप्यूटरसमोर बसलेल्या तिच्याकडे बघून विचारलं, "और ये बिटिया?"

मी पापणी न हलवता म्हणालो, "भांजी है साहब. नागपुर से आई है, छुट्टी में."

ती जन्मात नागपूरला दोनदा गेली असेल. पण ती उठली, मॉनिटर बंद केला, आत गेली आणि पाच मिनिटांनी चहा आणि बशीत खोवा जलेबी घेऊन बाहेर आली. आमच्यात एक शब्दही झाला नव्हता. तेवढ्यात साहेबांनी मला सहज विचारलं की जुन्या वार्षिक विवरणपत्राच्या जागी आता नक्की कोणता फॉर्म लागतो. मला आठवेना. मी जलेबीचा घास मोठा घेतला. तेव्हा ट्रे हातात धरलेली माझी भाची दारातून म्हणाली, "साहब, वो अब ऑनलाइन एक साथ जाता है, अलग से नहीं देना पड़ता." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की तुमची भाची फार हुशार आहे. मी नम्रपणे मान झुकवली. हे आमच्या घराण्यातच आहे, असंही बहुधा म्हणालो.

त्यानंतर रिवाजच पडला. फाटकाशी सरकारी गाडी उभी राहिली की ती नोकरीवरून उठून नात्यात जायची. मला सांगावंही लागत नसे. तेच निरीक्षक दर वर्ष-दोन वर्षांनी यायचे आणि हसत विचारायचे, बिटियाची सुट्टी अजून चालूच आहे का. मी म्हणायचो, मन रमलं साहेब. तिचं लग्न झालं, नवरा इथलाच, तरी मी तिला माहेरपणाला आलेली भाची केली. माझ्या समजुतीनं त्यांचा सगळ्यावर विश्वास बसत होता. लोकांच्या थापा पकडून ज्याची हयात गेली, अशा माणसाविषयी माझी ही समजूत होती.

तिला मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोनं डिंकाचे लाडू केले आणि मी उदार मनानं सांगितलं की बाळाकडे बघ, कामाची काळजी करू नकोस. दुसऱ्या महिन्यात तिच्या घरी फायली पाठवल्या. फक्त तीन. नंतर सात. त्याच सुमारास मी एका कारखान्यात मातृत्व रजेवर भाषण दिलं आणि बायकांना सव्वीस आठवडे पगारी सुट्टी देणं हा उपकार नसून कर्तव्य आहे, असं ठणकावलं. त्या भाषणाच्या स्लाइड तिनंच बाळाला मांडीवर घेऊन केल्या होत्या. माझ्याकडे दहा माणसं नाहीत म्हणून तो कायदा मला लागू होत नाही, हे मी त्या वेळी स्वतःला कलमासकट समजावून सांगितलं होतं. स्वतःचा सल्लागार स्वतःच असला की हा फायदा असतो.

मग नव्या कामगार संहिता आल्या आणि आमच्या धंद्याला बरे दिवस आले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये मी कारखानदारांसाठी व्याख्यान ठेवलं. ती लॅपटॉपवर स्लाइड पुढे सरकवत होती. चौथ्या की पाचव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं: हर कर्मचारी को नियुक्ति पत्र, कोई अपवाद नहीं. मी रंगात आलो होतो. आप कहेंगे ये तो घर का आदमी है, असं म्हणून मी टेबलावर बोट आपटलं. कायद्यात घर का आदमी नावाची वर्गवारी नाही, असंही म्हणालो. पुढच्या रांगेतला एक नमकीनवाला, स्वभावानं खट्याळ, तिच्याकडे वळून म्हणाला, "तो दीदी, आपको भी मिला है?"

हॉल हसला. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि उगाच बराच वेळ पीत राहिलो. तिनं स्क्रीनवरची नजर न हलवता उत्तर दिलं, "जी, मिला है," आणि पुढची स्लाइड लावली.

परत येताना मी तिच्या स्कूटरवर मागे बसलो होतो, कारण मला स्कूटर चालवता येत नाही आणि कायद्याच्या पुस्तकांची पिशवी कुणीतरी धरावी लागते. सिग्नलला मी म्हणालो, बरं सांभाळून घेतलंस. सिग्नल सुटला आणि तिनं स्कूटर पुढे काढली. मला वाटलं, रहदारीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

त्यानंतर महिन्याभरानं बरगीच्या बाजूला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कारखान्याचं काम आलं. मटार सोलून, गोठवून, पिशव्यांत भरून देशभर पाठवायचे, असा तो कारखाना. परवाने मीच करून दिले होते. आता त्यांना कार्मिक अधिकारी हवा होता, आणि जाहिरात मी लिहून द्यावी अशी त्यांची इच्छा होती. मी खुर्चीत रेलून, डोळे मिटून तिला जाहिरात सांगितली. किमान दहा वर्षांचा अनुभव. मग मला वाटलं की हल्ली लोक काहीही लिहितात, म्हणून मी आणखी सांगितलं: आधीच्या मालकाच्या सहीचा, रुजू होण्याच्या तारखेसह अनुभवाचा दाखला आवश्यक, दाखला नसल्यास अर्जाचा विचार होणार नाही. शेवटी निवडीची पद्धतही लिहून दिली. त्यात मी म्हटलं होतं की दाखल्यावर विसंबू नका, आधीच्या मालकाला स्वतः फोन करून खातरजमा करा.

तिनं सगळं टाइप केलं, छापलं, माझ्यापुढे ठेवलं आणि उभी राहिली.

"काका, या जागेसाठी मी अर्ज करून राहिली," ती म्हणाली. "मला दाखला पाहिजे. शुक्रवारपर्यंत."

मी आधी हसलो. मग विचारलं, कसला दाखला. ती म्हणाली, आत्ताच तुम्ही लिहायला लावला तो. मी म्हणालो, बघू.

'बघू' हा शब्द मी मालकांच्या तोंडून हजार वेळा ऐकलाय आणि त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. सोमवारी मी सांगितलं की शिक्क्याची शाई वाळली आहे. तिनं बाटली आणून शाई भरली. मंगळवारी लेटरहेड संपलं होतं, म्हणजे मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं. बुधवारी मी कुंडमला एका क्लायंटकडे निघून गेलो. जाताना बसमध्ये दोन तास, येताना दोन. त्याला माझी काहीही गरज नव्हती; त्यानं चहा पाजला आणि दोन वेळा काळजीनं विचारलं की भैया, आपण कसे आलात. मी म्हटलं, असंच, सगळं ठीक आहे ना ते बघायला. तो बिचारा इतका घाबरला की त्यानं तिथल्या तिथे हजेरीपुस्तक काढून दाखवलं.

अडचण साधी होती. अकरा वर्षांचा खरा दाखला द्यायचा म्हणजे माझ्याकडे अकरा वर्षं एक कर्मचारी होती, तिला मी नियुक्तीपत्र दिलं नाही, कुठल्या नोंदीत दाखवलं नाही, असं मीच माझ्या सहीशिक्क्यानिशी कबूल करायचं. आणि तो कागद जाणार होता नेमका मटार कारखान्यात. तिथे सल्लागार म्हणून हल्ली कोण बसत होतं, तर तेच निरीक्षक. निवृत्त होऊन तिथे लागले होते. त्यांची शिफारस कारखान्याकडे मीच केली होती.

गुरुवारी मी मार्ग काढला. मार्ग काढणं हेच तर माझं काम. मी स्वतः दोन बोटांनी एक दाखला टाइप केला. त्यात ती माझ्या कार्यालयाशी 'मानद कौटुंबिक सहयोगी' म्हणून 'काही काळापासून' संबंधित असल्याचं आणि तिचं वर्तन उत्तम असल्याचं लिहिलं. रुजू होण्याची तारीख मी चालू वर्षाची घातली होती. वाचून मला बरं वाटलं. भाषा ओघवती होती.

तिनं तो उभ्यानं वाचला. मग सवयीनं पेन्सिल उचलली, मी काहीही लिहिलं की ती उचलायचीच, आणि परत खाली ठेवली.

"हे एखाद्या क्लायंटनं लिहून दिलं असतं, तर तुम्ही त्याला काय म्हटलं असतं?"

खरं उत्तर मला माहीत होतं. मी 'हं' म्हटलं असतं. पण खरं उत्तर द्यायच्या ऐवजी मी चिडलो. मी चिडलो की शुद्ध मराठी बोलतो. मी तिला म्हणालो की या घरात तुला कुणी नोकर मानलं नाही, सणाला तुला साडी घेतली, तुझ्या लग्नात मी कन्यादानाच्या वेळी तुझ्या वडिलांच्या शेजारी उभा होतो, मी तुला मुलीसारखं वागवलं. हे सगळं खरं होतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं बोललो.

तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"हो ना काका," ती म्हणाली. "म्हणूनच तर मागायला अकरा वर्षं लागली मला."

मग तिनं मुलीच्या शाळेचं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, तक्रार नसल्यासारखं. प्रवेशाच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. तिनं 'नोकरी' लिहिलं. टेबलामागच्या बाईंनी ऑफिसचं ओळखपत्र मागितलं, नाहीतर नियुक्तीपत्र. हिच्याकडे काहीच नव्हतं. पन्नासेक लोकांची रांग मागे उभी होती. तिनं 'नोकरी' खोडलं आणि 'गृहिणी' लिहिलं. "खोडलेलं तसंच दिसून राहिलं होतं त्याच्यावर. घरी येईपर्यंत मला त्याचंच वाईट वाटत होतं," एवढं बोलून ती कंप्यूटरवर जाऊन बसली आणि एका वीटभट्टीवाल्याचं विवरणपत्र भरायला लागली, कारण त्याची त्या दिवशी शेवटची तारीख होती.

मी आत गेलो. बायको भाजी निवडत होती. पुढच्या खोलीतलं सगळं तिला ऐकू आलं होतं. आमच्या भिंती तशाच आहेत. मी तिला कलमं सांगितली, दंड सांगितला, माझी पत सांगितली, उद्या क्लायंट काय म्हणतील ते सांगितलं. ती म्हणाली की तुम्हाला यातल्या कशाचीच भीती नाही, ती गेली तर आपलं कसं होणार, याची भीती वाटते तुम्हाला. लिहून द्या.

मी तिथे खुर्चीवर बसलो आणि मला कळलं की बायकोचं बरोबर आहे. दंडाला मी कधी घाबरलो नव्हतो. दाखला अडला की ती इथेच राहील, एवढाच माझा हिशेब होता. मालक माणसं कामगारांची कागदपत्रं अडकवून ठेवतात तेव्हा मी त्यांना ज्या शब्दांनी फोडून काढतो, ते सगळे शब्द मला एकेक करून आठवले. मला स्वतःची लाज वाटली. मला ती आवडत होती, पोटच्या मुलीसारखी आवडत होती यात खोटं काही नव्हतं, आणि तरीही मी तिच्याशी असं वागलो होतो.

शुक्रवारी सकाळी मी लेटरहेड वरच्या फळीवरून काढलं आणि तिलाच म्हणालो, घे टाइप कर. पदनाम काय लिहू, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, अनुपालन व्यवस्थापक, म्हणजे कम्प्लायन्स मॅनेजर. कारण गेली आठ-नऊ वर्षं ती तेच होती आणि मी तिचा मदतनीस होतो. रुजू झाल्याची तारीख मी सांगायला गेलो तर मला महिना आठवेना. तिला तारीख, वार, आणि त्या दिवशी कुठल्या कारखान्याचं काम होतं तेही आठवत होतं. मी सही केली, शिक्का मारला. शिक्का थोडा तिरका पडला. तिनं दुसरी प्रत काढली आणि म्हणाली की यावर सरळ मारा.

पुढच्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. तिनं उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे निवृत्त साहेब होते. माझ्या निवडपद्धतीतली खातरजमा ते अगदी मी लिहिली होती तशी करत होते. आधी त्यांनी तब्येत विचारली. मग म्हणाले की एक दाखला समोर आहे, सही तर तुमचीच दिसते, पण ही मुलगी ओळखीची वाटते. "ये तो आपकी भांजी है ना?"

ती समोर बसली होती. टाइप करायची थांबली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नहीं साहब. भांजी नहीं है. मेरी कर्मचारी है. ग्यारह साल से है. आपसे झूठ बोला था मैंने."

 मग ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं का राग, ते मला आजही सांगता येणार नाही, की पहिल्याच दिवशी कळलं होतं. सुट्टीला आलेली मुलगी विवरणपत्राचं उत्तर देत नसते. त्या वेळीच अहवालात लिहायला हवं होतं, पण जलेबी खाल्ली आणि लिहिलं नाही, ती माझीही चूक, असंही म्हणाले. मुलाखतीला पाठवा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. इतकी वर्षं ज्यांना मी फसवतोय असं मला वाटत होतं, ते केवळ सभ्यपणानं फसवून घेत होते, हे पचवायला मला तो दिवस पुरला नाही.

तिला नोकरी मिळाली. जायच्या आधी तिनं महिनाभर मला पोर्टल शिकवलं. तिनं एक वही केली, प्रत्येक कारखान्याला एक पान, आणि माझ्यासाठी पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहिले. शेवटच्या दिवशी माझ्या बायकोनं तिची ओटी भरली. ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी फाईल शोधायच्या निमित्तानं कपाटात तोंड घातलं. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी तिला चौदा वेळा फोन केला. वहीत सगळं होतं, पण मला वही कुठे ठेवली ते सापडत नव्हतं.

मागच्या महिन्यात मटार कारखान्याकडून मला पत्र आलं. कारखान्याला सेवा देणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या कर्मचाऱ्यांची माहिती सोबतच्या फॉर्ममध्ये भरून पंधरा दिवसांत पाठवावी, अन्यथा पुढचं काम देता येणार नाही. वर 'महोदय' होतं. खाली तिची सही, सहीखाली पूर्ण नाव, आणि नावाखाली पद. 'महोदय' वाचून मला लागलं, उगाच कशाला खोटं बोलू. मग चष्मा कपाळावर सरकवून मी फॉर्ममध्ये चूक शोधायला बसलो. चूक नव्हती. माझ्या फॉर्मपेक्षा तो चांगला होता.

नाव, पत्ता, गुमास्ता क्रमांक भरून झाला. पुढचा रकाना कर्मचारी संख्येचा होता. पेन हातात धरून मी रिकाम्या खोलीत बराच वेळ बसलो. मग लिहिलं: शून्य. दर वर्षी आमच्या स्वतःच्या विवरणपत्रात या रकान्यात मी हाच आकडा सांगायचो आणि ती, माझ्यासमोर बसलेली, तो काही न बोलता टाइप करायची. या वेळी तो माझ्या हातानं लिहिला, आणि पहिल्यांदाच तो खरा होता.